अपरिचित लेखकाचे नवे पुस्तक आणि परीक्षकाचे काम

मराठी नियतकालिकांकडे अभिप्रायासाठी येणाऱ्या पुस्तकांपैकी फार थोड्यांचे परीक्षण छापून येते आणि उरलेल्यांची नोंद 'साभार पोच' या सदरात, म्हणजे पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत एवढ्या तपशिलात, आटोपते. या सदरातच राहून गेलेल्या पुस्तकांत ज्यांचे नाव वाचकाने पूर्वी ऐकलेले नाही अशा लेखकांची पुस्तके अर्थातच सर्वांत अधिक असतात. नामवंत लेखकाच्या नव्या पुस्तकाला परीक्षण लाभले नाही तरी त्याचे फारसे अडत नाही, कारण त्याची आधीची पुस्तके, पुरस्कार, मुलाखती आणि प्रकाशकाची जाहिरात यांनी त्या पुस्तकाची ओळख आधीच करून दिलेली असते. अपरिचित लेखकाच्या पुस्तकाविषयी मात्र कोठेतरी छापून आलेले एखादे परीक्षण हाच बहुधा पहिला, आणि पुष्कळदा अखेरचा, लेखी दाखला ठरतो. ग्रंथपाल, अभ्यासक किंवा दहा वर्षांनी ते पुस्तक शोधणारा वाचक त्या दाखल्यावरच विसंबणार असतो, आणि म्हणून असे परीक्षण लिहिणाऱ्याची पहिली जबाबदारी नवोदिताची पाठ थोपटण्याची नसून पुस्तकात नेमके काय आहे ते बिनचूक सांगण्याची असते. पुढील विवेचन या एका भूमिकेवरून केलेले आहे.

परिचय, परीक्षण आणि समीक्षा हे शब्द वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी कामाच्या सोयीसाठी त्यांतला भेद ध्यानात ठेवलेला बरा. परिचयात पुस्तकाचा विषय, रचना आणि लेखकाची ओळख एवढेच येते व गुणदोषांचा निर्णय अपेक्षित नसतो. परीक्षणात वर्णनासोबत निर्णयही असतो आणि तो निर्णय पुस्तकातील पुराव्यांवर उभा करावा लागतो. समीक्षा ही पुस्तकाला वाङ्मयप्रकाराच्या, परंपरेच्या किंवा एखाद्या सिद्धान्ताच्या प्रकाशात तपासते, आणि त्यासाठी बहुधा काही काळ जावा लागतो. नव्या लेखकाच्या वाट्याला प्रत्यक्षात या तिन्हींचे विपरीत रूप येते, म्हणजे एक तर परिचयालाच परीक्षणाचे नाव देऊन छापले जाते, नाहीतर सव्वाशे पृष्ठांच्या साध्या कथासंग्रहावर पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची नावे आणि सिद्धान्त यांचा एवढा भार टाकला जातो की त्याखाली कथा दिसेनाशा होतात.

निवड

परीक्षणाची अर्धी गुणवत्ता पुस्तकाच्या निवडीतच ठरत असते, कारण घरी टपालाने आलेले किंवा समारंभात हाती ठेवलेले पुस्तक घेऊन लिहिणारा परीक्षक नकळत संपर्क असलेल्या लेखकांचाच परीक्षक होऊन बसतो. 1964 पासून निघणाऱ्या 'ललित'सारख्या ग्रंथव्यवहाराला वाहिलेल्या मासिकातील नव्या पुस्तकांच्या याद्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शनात कोपऱ्यातले गाळे घेणारे छोटे प्रकाशक, श्रीरामपूरच्या शब्दालय किंवा वाशीमच्या काव्याग्रह यांसारख्या पुण्या-मुंबईबाहेरून चालणाऱ्या प्रकाशनसंस्था, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून निघालेली पुस्तके हे सगळे मार्ग चाळत राहिले, तर हाती येणाऱ्या पुस्तकांचा पैस पुष्कळ वाढतो. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे गट स्वतंत्र ठेवलेले आहेत आणि साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही 2011 पासून दिला जातो. परंतु पुरस्काराची यादी पाहून पुस्तक निवडणारा परीक्षक एक-दोन वर्षे उशिरा पोचतो व दुसऱ्याने केलेल्या निवडीवर नुसती सही करतो.

लेखकाने पदरमोड करून छापलेल्या पुस्तकांना सरसकट बाजूला सारण्याची रीत जुनी आहे आणि तिला काही कारणही आहे, कारण अशा पुस्तकावर संपादकाचा हात फिरलेला नसतो. पण लेखकाकडून खर्च घेऊन पुस्तक काढणारे प्रकाशक मराठीत कमी नाहीत, त्यामुळे मुखपृष्ठावरच्या प्रकाशकाच्या नावावरून पुस्तक कसे निघाले याचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे, आणि कोणत्याही पुस्तकाची पहिली वीस-पंचवीस पृष्ठे वाचून निर्णय घेणे हाच न्याय्य मार्ग ठरतो.

वाईट पुस्तकाचे काय करावे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. नामवंत लेखकाचे फसलेले पुस्तक वाचकाच्या नजरेस आणून देणे आवश्यक असते, कारण नावावर विसंबून ते हजारोंनी विकत घेतले जाणार असते; अपरिचित लेखकाची फसलेली कादंबरी मात्र कोणाचे काही बिघडवीत नाही, आणि ती फसली आहे एवढेच सांगण्यासाठी नियतकालिकाची दोन पृष्ठे खर्च करण्यात शौर्यही नाही आणि उपयोगही नाही. याला अपवाद ललितेतर पुस्तकांचा, त्यातही आरोग्य, कायदा आणि इतिहास या विषयांवरील पुस्तकांचा आहे. आजारावर बिनबुडाचे उपचार सुचवणारे किंवा बनावट कागदपत्रांवर गावाचा इतिहास उभारणारे पुस्तक, त्याच्या लेखकाला कोणी ओळखत नसले तरी, वाचनालयात पोचले की पुढे त्याचाच आधार दिला जाऊ लागतो. अशा पुस्तकाचे परीक्षण अवश्य करावे आणि ते स्पष्ट शब्दांत करावे.

नातेवाईक, सहकारी, विद्यार्थी, स्वतःचा प्रकाशक आणि ज्याने आपल्या पुस्तकावर लिहिले आहे असा लेखक यांच्या पुस्तकांवर लिहू नये. मराठी साहित्यव्यवहाराचे वर्तुळ लहान असल्यामुळे थोडीफार ओळख निघणारच. तेव्हा ती परीक्षणात एका वाक्यात नोंदवावी. प्रकाशन समारंभात त्या पुस्तकावर भाषण केलेल्या वक्त्याने तेच भाषण पुढे परीक्षण म्हणून छापायला देणे ही आपल्याकडील रूढ गोष्ट आहे, पण समारंभातले बोलणे हे सत्काराचे असते आणि तेथे दोष सांगणे औचित्याला धरून नसते, हे लक्षात घेता त्या मजकुराला परीक्षण म्हणणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे.

वाचन

पुस्तकाच्या मूळ संहितेभोवती बरीच सामग्री असते. त्यात प्रस्तावना, लेखकाचे मनोगत, मलपृष्ठावरील पाठराखण म्हणजे पुस्तकाची शिफारस करणारा मजकूर, आणि अलीकडे आतल्या पानांवर छापलेले मान्यवरांचे अभिप्राय येतात. अपरिचित लेखकाच्या पुस्तकात ही सामग्री अधिक असते, कारण लेखकाच्या नावाची उणीव प्रस्तावनाकाराच्या नावाने भरून काढायची असते. परीक्षकाने ती सगळी संहिता वाचून झाल्यावरच वाचावी. प्रस्तावना आधी वाचली की तिच्यातील शब्द, तिने निवडलेली अवतरणे आणि तिने सांगितलेला 'आशय' परीक्षणात उतरू लागतो, आणि एकाच पुस्तकाची चार परीक्षणे शेजारी ठेवली असता चौघांनी तोच उतारा दिलेला आढळतो तो बहुधा याच वाटेने आलेला असतो. मनोगताचे प्रकरण थोडे निराळे आहे, कारण लेखकाने पुस्तक लिहिताना काय योजले होते ते त्यातून कळते व संहितेशी ते ताडून पाहता येते. तथापि मनोगतातील संकल्पाला पुस्तकातील सिद्धी समजण्याची चूक होऊ देऊ नये.

पहिले वाचन सलग आणि शक्यतो नोंदींशिवाय करावे, कारण कंटाळा कोठे आला, मागची पाने कोठे उलटावी लागली आणि कोठे पुस्तक खाली ठेववले नाही हे पहिल्या वाचनातच कळते, दुसऱ्यांदा कळत नाही. दुसऱ्या वाचनात पृष्ठक्रमांकासह टिपणे घ्यावीत. पात्रांची नावे, नाती, घटनांचा क्रम आणि काळ यांचे एक लहानसे टाचण वेगळे केले, तर परीक्षणात नायकाच्या मामाला काका म्हणण्यासारख्या चुका टळतात. अशी चूक नामवंताच्या पुस्तकाबद्दल झाली तर चार वाचक पत्रे लिहून ती दुरुस्त करतात. अपरिचित लेखकाच्या बाबतीत ती कायमची राहते, आणि पुस्तक न वाचताच परीक्षण लिहिले गेले असा लेखकाचा जो ग्रह होतो तो खोडून काढता येत नाही.

ललित पुस्तके

कादंबरी किंवा कथासंग्रह हाती घेतल्यावर पहिला प्रश्न निवेदकाचा असावा. निवेदक म्हणजे कथा सांगणारा आवाज. तो 'मी' म्हणून बोलणारे एखादे पात्र असेल, किंवा सर्व पात्रांच्या मनातले जाणणारा सर्वज्ञ निवेदक असेल. पहिल्या पुस्तकात सर्वांत अधिक गडबड येथे होते. दहा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून सांगितल्या जाणाऱ्या कथेत जमीन महसुलाच्या नोंदींचे बारकावे येऊ लागले, की लेखकाने मुलाला बाजूला सारून स्वतः बोलायला सुरुवात केलेली असते. मात्र तो मुलगा मोठा होऊन मागे वळून सांगत असेल तर तेच बारकावे योग्य ठरतात. दोष दाखवण्यापूर्वी कथा कोण, केव्हा आणि कोणाला सांगत आहे हे निश्चित करणे म्हणूनच भाग असते.

काळाच्या तपासणीचे एक उदाहरण येथे विस्ताराने घेण्याजोगे आहे. समजा, मराठवाड्यातील एखाद्या शिक्षकाची पहिली कादंबरी 1972 च्या दुष्काळावर आहे, आणि तीत 'लातूर जिल्ह्यातले' एक गाव येते. लातूर जिल्हा 1982 साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे 1972 मधील तलाठ्याच्या तोंडी किंवा त्या काळच्या सरकारी कागदावर तो जिल्हा येणे हा कालविपर्यास, म्हणजे एका काळातील गोष्ट दुसऱ्या काळात घुसणे, होय. त्याच कादंबरीतील मजूर रोजगार हमीच्या कायद्याने आपला हक्क मागू लागले तर दोष अधिक गंभीर ठरतो, कारण तो कायदा 1977 चा आहे, आणि 1972 मध्ये खडी फोडायला आणि नालाबांधावर जाणारा, मुलांसाठी सुकडी घरी आणणारा मजूर काम मागताना कोणत्या अगतिकतेत होता हाच तर कादंबरीचा विषय असणार. पहिली चूक एका वाक्यात नोंदवून सोडून द्यावी आणि, निवेदक आजच्या काळातून बोलत असेल तर, तेवढीही नोंद करू नये. दुसरी चूक मात्र कादंबरीच्या मर्मावर येते, तेव्हा तिचा ऊहापोह करावा. चुका किती सापडल्या हे मोजण्यापेक्षा त्यांपैकी कोणती पुस्तकाच्या आधाराला धक्का लावते हे पाहण्यात परीक्षकाचा विवेक दिसतो.

बोलीच्या बाबतीत परीक्षकाची गफलत होण्याचा संभव लेखकापेक्षा अधिक असतो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली किंवा गोरमाटी यांच्या आधाराने लिहिणाऱ्या नव्या लेखकांविषयी 'भाषा थोडी अवघड वाटते' असे लिहिले जाते, आणि या वाक्यातला वाचक कोण हे सांगितले जात नाही. अमरावतीच्या वाचकाला 'मले' आणि 'तुले' मुळीच अवघड नाहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीही पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा दिलेली आहे, त्यामुळे प्रमाण भाषेचा मापदंड संवादांना लावणे नियमालाही धरून नाही. बोलीतील लेखनाची परीक्षा वेगळ्या तऱ्हेने घ्यावी लागते. एकच पात्र एका पृष्ठावर 'मले' आणि पुढच्या पृष्ठावर कारणाशिवाय 'मला' म्हणते काय, आईशी बोलताना आणि तहसीलदारासमोर उभे राहिल्यावर त्याच्या बोलण्यात फरक पडतो काय, आणि बोली फक्त शिव्या, विनोद व अडाणीपणा दाखवण्यासाठीच योजली असून विचार करण्याचे सगळे काम प्रमाण भाषेकडे सोपवले आहे काय, हे प्रश्न विचारले की लेखकाच्या भाषेवरील पकडीचा खरा अंदाज येतो. ज्या बोलीची परीक्षकाला जाण नाही तिच्यातील पुस्तक त्याने त्या बोलीत वाढलेल्या एखाद्या वाचकाला दाखवावे, नाहीतर दुसऱ्या परीक्षकाकडे सोपवावे.

रूढ मापे नव्या पुस्तकाला लागू पडत नाहीत, असे प्रसंग मराठीत वारंवार आलेले आहेत. 1963 या एका वर्षात भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणि बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह अशी दोन पहिली पुस्तके प्रसिद्ध झाली. बांधेसूद कथानक, उत्कर्षबिंदू आणि नायकाचा विकास ही कादंबरीची मापे घेऊन बसलेल्याला 'कोसला'चा निवेदक पांडुरंग सांगवीकर याचे वरवर सैल वाटणारे, रोजनिशीतही शिरणारे निवेदन हा रचनादोष वाटू शकला असता, आणि सूचकता व संयम यांनाच कथेचे परमगुण मानणाऱ्याला बागुलांच्या कथांतील उद्रेक हा अतिरेक वाटू शकला असता. हे आज मागे वळून सांगणे सोपे आहे. प्रत्येक विस्कळीत कादंबरी 'कोसला' नसते आणि विस्कळीतपणाला प्रयोगाचे नाव देऊन सोडवून घेणारी पुस्तकेही दर वर्षी येतात. या दोहोंतील फरक ओळखण्याची खात्रीची युक्ती उपलब्ध नसली तरी एक सवय उपयोगी पडते: जो भाग दोष वाटतो तो पुस्तकात पुन्हा पुन्हा, एकाच रीतीने आणि मोक्याच्या जागी येत असेल तर तो हेतुपूर्वक केलेला आहे असे धरून एकदा संपूर्ण पुस्तक वाचावे, आणि त्या गृहीताने अधिक गोष्टींचा अर्थ लागतो की कमी, हे पाहावे.

मोठ्या नावांशी तुलना करताना आखडता हात घ्यावा. ग्रामीण व्यक्तिचित्रे लिहिणाऱ्या प्रत्येकाला 1949 च्या 'माणदेशी माणसं'शेजारी नेऊन उभे करण्याने वाचकाला काही कळत नाही. निवेदक त्या माणसांकडे किती अंतरावरून पाहतो, किंवा व्यक्तिचित्र कोणत्या क्षणी संपवतो, अशी एखादी नेमकी बाब घेऊन तुलना केली तरच ती उपयोगाची. कथासंग्रहाबाबत आणखी एक सूचना अशी की, बारा कथांचे बारा वाक्यांत सार देण्याचा मोह टाळून दोन किंवा तीन कथांचा तपशिलाने विचार करावा, त्यांत एक जमलेली व एक न जमलेली असावी, आणि उरलेल्या कथांचा निर्देश त्या अनुषंगाने करावा.

ललितेतर पुस्तके

ललितेतर म्हणजे चरित्र, आत्मकथन, इतिहास, प्रवास, शेती, विज्ञान, चळवळीचे अनुभव असे, जे घडले किंवा जे आहे त्याविषयी दावा करणारे लेखन. येथे परीक्षकाच्या कामात एक भर पडते, ती म्हणजे दावा तपासण्याची. संपूर्ण पुस्तक तपासणे कोणालाच शक्य नसते, म्हणून तीन विधाने निवडून त्यांच्या मुळाशी जावे: एक जे लेखकाने संदर्भासह दिले आहे, एक जे संदर्भाशिवाय पण ठामपणे दिले आहे, आणि एक ज्यावर पुस्तकाचा निष्कर्ष उभा आहे. पहिल्या विधानाचा संदर्भ खरोखर तेच सांगतो काय, एवढे पाहिले तरी लेखक आपली साधने कशी वापरतो याचा बराच अंदाज येतो.

हौशी अभ्यासकांनी लिहिलेले गावाचे, घराण्याचे किंवा देवस्थानाचे इतिहास हा मराठीतील मोठा आणि परीक्षणाविना राहिलेला ग्रंथप्रकार आहे. या पुस्तकांत इतरत्र कोठेही न मिळणारी साधने असतात, उदाहरणार्थ घरातली मोडी कागदपत्रे, वतनाचे तंटे, जत्रेचे मान कोणाकडे याच्या नोंदी. आणि त्याच पुस्तकांत कालगणनेच्या ठरावीक चुकाही असतात. शालिवाहन शकाचे इसवी सनात रूपांतर करताना सरसकट 78 मिळवण्याची सवय हे त्यांतले नेहमीचे प्रकरण होय. शक वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे चैत्रापासून इसवी सनाच्या डिसेंबरअखेरपर्यंत 78 आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके 1682 मधील पौष शुद्ध अष्टमीला झाली. 78 मिळवले तर ती 1760 साली पडते आणि 79 मिळवले तर 1761 हे योग्य साल येते, कारण तो दिवस 14 जानेवारीचा होता. पेशवेकालीन कागदांवरील सुहूर सनाच्या आकड्यातही अशाच रीतीने, मृगापासून सुरू होणारे वर्ष लक्षात घेऊन, 599 किंवा 600 मिळवावे लागतात. परीक्षकाने पुस्तकातील पौष, माघ व फाल्गुन महिन्यांच्या चार-पाच तारखा काढून पाहिल्या तर लेखकाने हे भान ठेवले आहे की नाही ते तासाभरात समजते. चूक सापडली तर ती कोष्टकाने सुधारण्याजोगी आहे हेही सांगावे. तेवढ्या कारणाने गावच्या कागदपत्रांचे मोल कमी होत नाही. ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटियर आणि मराठी विश्वकोश ही दोन्ही साधने आता सहज पाहता येतात, त्यामुळे तपासायला साधन नव्हते ही सबब लेखकालाही उरलेली नाही आणि परीक्षकालाही.

आत्मकथनाचा दावा वेगळ्या जातीचा असतो. दया पवार यांचे 'बलुतं' 1978 साली ग्रंथालीने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो अशी दुहेरी योजना होती. कर्तबगार व्यक्तीने उतारवयात आपल्या कार्याचा क्रमवार आढावा घेणे हीच आत्मचरित्राची रीत मानणाऱ्याला ही योजना बुचकळ्यात टाकणारी होती, पण लेखकाचे स्वतःपासूनचे अंतर हाच त्या पुस्तकाचा गाभा असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करून केवळ प्रसंगांची दाहकता सांगणारे परीक्षण अपुरे ठरले असते. आजही एखाद्या अंगणवाडी सेविकेचे, ऊसतोड कामगाराचे किंवा तृतीयपंथी कार्यकर्त्याचे पहिले आत्मकथन आले, की परीक्षण त्यातील हालअपेष्टांची यादी देऊन थांबते. अनुभव भीषण आहे म्हणून पुस्तक चांगले आहे, असा निष्कर्ष काढणे लेखकावर अन्याय करणारे आहे, कारण त्यात त्याने केलेली निवड, गाळणी आणि मांडणी, म्हणजे लेखक म्हणून केलेले सगळे काम, हिशेबातून वगळले जाते. लेखकाने कोणत्या प्रसंगाला किती जागा दिली, स्वतःच्या चुकांविषयी कसे लिहिले, आणि ज्यांच्यावर आरोप केले त्यांची बाजू निदान नोंदवली काय, हे तपासणे म्हणजे त्याला पूर्ण लेखकाचा मान देणे होय.

लेखन

परीक्षणाच्या मराठीत काही शब्द इतके झिजले आहेत की ते कोणत्याही पुस्तकाला लावता येतात: ओघवती शैली, वाचनीय, संग्राह्य, अंतर्मुख करणारे, काळजाला भिडणारे, मुखपृष्ठ समर्पक. हे शब्द हटवण्यासाठी ज्या पृष्ठावर तो परिणाम जाणवला तेथे परत जाऊन तेथे काय घडते ते लिहिणे पुरेसे असते. वर कल्पिलेल्या दुष्काळावरील कादंबरीविषयी 'लेखकाने दुष्काळाचे प्रत्ययकारी चित्रण केले आहे' असे लिहिण्याऐवजी 'बैल विकायला नेताना बाप त्यांच्या गळ्यातल्या घंटा काढून घेतो आणि पुढची तीन प्रकरणे त्या घंटा कोनाड्यात आहेत एवढेच लेखक सांगत राहतो' असे लिहिले, तर चित्रण प्रत्ययकारी आहे की नाही हे वाचक स्वतः ठरवू शकतो. परीक्षकाच्या निर्णयाशी मतभेद होण्याइतकी सामग्री वाचकाला परीक्षणातूनच मिळावी, हा या प्रकारच्या लेखनाचा चांगला निकष आहे.

लेखकाच्या जगण्याविषयी लिहिताना 'असूनही' या अव्ययावर विशेष पाळत ठेवावी. 'रिक्षाचालक असूनही त्यांनी सकस लेखन केले आहे' या वाक्यात स्तुतीच्या आडून रिक्षाचालकाकडून सकस लेखनाची अपेक्षा नव्हती असे सांगितले जाते. व्यवसाय, जात, गाव किंवा शिक्षण यांचा उल्लेख पुस्तक समजण्यास मदत करत असेल तेथे जरूर करावा, पण सवलतीचे कारण म्हणून करू नये. सवलतीची भाषा लेखकाला कठोर शब्दांहून अधिक लागते. 'पुढील लेखनास शुभेच्छा' हे शेवटचे वाक्यही याच वर्गात मोडते आणि ते काढून टाकल्याने आजवर कोणत्याही परीक्षणाचे नुकसान झालेले नाही.

मुद्रणदोषांचा उल्लेख, ते अर्थाचा अनर्थ करत नसतील तर, एका वाक्यापलीकडे नेऊ नये. अवतरणे थोडी पण पुरेशी द्यावीत. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षण किंवा परीक्षणासाठी केलेल्या उचित वापराला मुभा आहे; त्यासाठी शब्दांची ठरावीक मर्यादा कायद्याने घालून दिलेली नाही, पण अवतरण विवेचनासाठी आहे, जागा भरण्यासाठी नाही, हे दिसले पाहिजे. कथानकाचा शेवट उघड करू नये. शेवटच फसलेला असेल तर तो न सांगता, तेथपर्यंत पेरलेल्या कोणत्या गोष्टी वाया जातात हे दाखवता येते.

परीक्षणाच्या अखेरीस पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, प्रथमावृत्तीचे वर्ष, पृष्ठे आणि किंमत हा तपशील श्रेयपृष्ठावरून, म्हणजे शीर्षकपृष्ठामागच्या पानावरून, उतरवून घ्यावा. अपरिचित लेखकाचे पुस्तक पाचशे किंवा तीनशेच प्रतींचे असू शकते आणि मोठ्या दुकानांत ते ठेवलेले नसते, त्यामुळे ते कोठे मिळेल हे सांगणे इतर परीक्षणांपेक्षा येथे अधिक गरजेचे आहे. त्यासाठी प्रकाशकाचा पत्ता द्यावा, लेखकाचा खासगी दूरध्वनी क्रमांक मात्र त्याच्या संमतीवाचून छापू नये. परीक्षण छापण्यापूर्वी लेखकाला दाखवू नये. एखाद्या तपशिलाची शंका असल्यास तेवढीच प्रकाशकाकडे विचारावी.

परीक्षण प्रसिद्ध झाल्यावर लेखकाचे पत्र आले आणि त्यात तथ्याची चूक दाखवलेली असली, तर पुढच्याच अंकात दुरुस्ती द्यावी. निर्णयाविषयी तक्रार असली तर पत्र छापण्याची शिफारस संपादकाकडे करावी आणि उत्तर देण्याचा मोह आवरावा. टिपणे पुस्तकाच्या प्रतीसोबत जपून ठेवावीत, कारण काही पुस्तके चार-पाच वर्षांनी पुन्हा निघतात आणि तेव्हा परीक्षणातील आक्षेपांचा विचार झाला आहे की नाही ते पाहता येते. त्या वेळी श्रेयपृष्ठावर 'दुसरी आवृत्ती' असे छापले आहे की 'पुनर्मुद्रण' हे आधी पाहावे. पुनर्मुद्रणात मजकूर बहुधा जसाच्या तसा असतो, आणि दुसरी आवृत्ती म्हटलेल्या पुस्तकातही पुष्कळदा बदललेले असते ते फक्त मुखपृष्ठ, तेव्हा टिपणांतील पृष्ठक्रमांक काढून ती पाने प्रत्यक्ष ताडून पाहिल्याशिवाय सुधारित आवृत्तीचे स्वागत करू नये.